मोठ्या शहरात तीन दिवस कॅमेरा घेऊन... आणि परत आल्यावर?

पायवाट (धागाकर्ता)

मंडळी, एका मोठ्या, अनोळखी शहराची धावती फेरी ठरली आहे. तीन दिवस, दोन रात्री. कॅमेरा मिररलेस, क्रॉप सेन्सरचा (सेन्सर छोटा, म्हणून फोकल लांबी १.५ पट धरायची), २४ मेगापिक्सेल. लेन्स तीन (आकडे मिमीत): १६-५० किट, २३ एफ/२ आणि ५५-२०० टेली, म्हणजे दूरचं जवळ आणणारी. शिवाय फूटभर उंचीचा छोटा ट्रायपॉड.

१. यातलं काय न्यायचं आणि काय घरी ठेवायचं?
२. रस्त्यावरची माणसं, उंच इमारती, रात्रीची रोषणाई यांसाठी सेटिंग काय? "प्रकाश बघून ठरवा" असं सांगू नका, आकडे द्या.
३. खरा प्रश्न हा. परत आल्यावर हजारभर फोटो कार्डातच पडून राहतात आणि रोजच्या गल्लीकडे पाहून कॅमेरा उचलावासाच वाटत नाही. यावर कोणाकडे काही ठोस उपाय आहे का?

भिंग

२३ एफ/२ कॅमेऱ्यावर, १६-५० बॅगेत. टेली घरी. झालं.

चौकटराजा

भिंग यांच्याशी अर्धा सहमत. क्रॉपवर २३ म्हणजे फुल फ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या) हिशोबात ३५. चालत्या रस्त्यासाठी याहून सोयीची लेन्स नाही. पण टेलीला सरळ घरी बसवू नका. उंचावरून शहर बघायचं ठरलं असेल तर वाइडमध्ये (रुंद कोनात) सगळी शहरं सारखीच दिसतात: खाली करड्या ठिपक्यांची रांगोळी, वर रिकामं आकाश. तिथे १००-१५० मिमीवर इमारतींचे थर एकावर एक येतात आणि गच्च्या, खिडक्या, वळणारे पूल वेगळे काढता येतात. मात्र दुपारच्या धुरकट हवेत टेलीने काही हाती लागत नाही. दूरचं सगळं तापलेल्या हवेतून थरथरत येतं आणि तो मऊपणा लेन्सच्या माथी मारला जातो. त्यामुळे टेली फक्त त्या एका संध्याकाळी बाहेर काढा, बाकी वेळ खोलीवर.

भिंग

अर्धा किलो वजन तीन दिवस वागवायचं, एका संध्याकाळसाठी?

चौकटराजा

खोलीवर म्हटलंय हो, खांद्यावर नाही.

झरोका

सेटिंग मागितली आहेत म्हणून आधी रस्त्यावरची माणसं.

शटर किमान १/२५० सेकंद. माणूस तीनेक मीटरवरून आडवा चालत जात असेल तर १/५००, नाहीतर पाऊल आणि हात पुसट येतात. एफ/८ (एफ म्हणजे लेन्सचं छिद्र, आकडा लहान तितकं ते मोठं). आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटोवर, वरची मर्यादा ६४००. एवढं लावलं की उन्हात आणि सावलीत कॅमेऱ्याला हात न लावता फिरता येतं.

फोकस: २३ मिमी, एफ/८, क्रॉप सेन्सर. मॅन्युअलवर जाऊन फोकस अडीच मीटरवर ठेवलात तर साधारण १.४ मीटरपासून १० मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. ३.३ मीटरवर ठेवलात तर १.६५ मीटरपासून अनंतापर्यंत. गर्दीत अडीच बरा, मोकळ्या चौकात ३.३. हीच लेन्स एफ/२ वर आणि फोकस अडीच मीटरवर असेल तर जेमतेम २.१ ते ३.१ मीटर हाती राहतात. म्हणून संध्याकाळ झाली, एफ उघडला, की ही युक्ती बंद करून पुन्हा ऑटोफोकसवर यायचं. हे विसरलं की अंधार पडल्यानंतरचे सगळे फोटो थोडे थोडे हुकतात, आणि कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते कळतही नाही.

एक खोच आहे. बऱ्याच मिररलेस लेन्समध्ये फोकसची कडी नुसती इलेक्ट्रॉनिक असते. कॅमेरा बंद करून चालू केला की ठरवलेलं अंतर विसरलं जातं. काही कॅमेऱ्यांच्या मेनूत फोकसची जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय असतो, तो शोधा. नसेल तर कॅमेरा बंद न करता झोपू द्या.

गोंधळलेला मी

झरोका, अडीच मीटर म्हणजे किती हे रस्त्यात कसं मोजायचं? टेप लावून?

झरोका

दोन्ही हात पसरले की साधारण तुमच्या उंचीइतकं अंतर होतं. त्यात एक मोठं पाऊल मिळवा. घरातच जमिनीवर दीड, अडीच आणि चार मीटरवर खुणा करा आणि तिथे कोणाला तरी उभं करून व्ह्यूफाइंडरमध्ये बघा. २३ मिमी आणि आडवी चौकट घेतली तर चौकटीची उंची साधारण अंतराच्या दोनतृतीयांश असते. म्हणजे अडीच मीटरवरचा उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत जेमतेम बसतो, आणि दीड मीटरवर गुडघ्याच्या वर कापला जातो. दोन दिवसांत डोळा बसतो. हे शहरात जाऊन शिकायचं नाही, निघण्याआधीचा आठवडा यासाठीच असतो.

उन्हाची तिरीप

झरोकांच्या सेटिंगला एक जोड. उंच इमारतींच्या मधल्या रस्त्यांवर ऊन पट्ट्यांनी येतं. उन्हातला पट्टा आणि सावली यांत तीन-चार स्टॉपचा फरक सहज असतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). कॅमेरा सरासरी काढतो आणि पट्टा जळून पांढरा होतो. एक्स्पोजर भरपाई (कॅमेऱ्याने ठरवल्यापेक्षा फोटो उजळ-गडद करायची सोय) उणे १ ते उणे १.३ वर ठेवा, सावली काळी पडू द्या आणि पट्ट्यात कोणीतरी येईपर्यंत थांबा. माणसाच्या मागे धावण्यापेक्षा प्रकाशापाशी उभं राहणं स्वस्त पडतं, पायांनाही.

हे पट्टे मिनिटामिनिटाला सरकतात. एखाद्या रस्त्यावर दिवसात जेमतेम पाऊण तास ऊन पोचतं. सूर्याची दिशा नकाशावर दाखवणारी अ‍ॅप्स आहेत (सनकॅल्क, फोटोपिल्स). घरीच बसून चार-पाच रस्ते आणि त्यांच्या वेळा कागदावर उतरवा. पूर्व-पश्चिम रस्त्यांवर सकाळ-संध्याकाळ सूर्य रस्त्याच्या टोकाशी येतो, दक्षिणोत्तर रस्त्यांवर भर दुपारी.

काळापांढरा

अवांतर: मॅनहॅटनचे रस्ते उत्तरेपासून २९ अंश कललेले आहेत. म्हणून तिथे मावळता सूर्य बरोबर रस्त्याच्या मधोमध यायचा मुहूर्त वर्षातून दोनदाच लागतो, मेच्या शेवटी आणि जुलैच्या मध्याला. त्या दिवशी रस्त्यात सूर्यापेक्षा फोटोवाले जास्त असतात.

तिपाई

रात्रीचं माझ्याकडे.

पहिली गोष्ट, 'रात्रीचा' फोटो रात्री काढायचा नसतो. सूर्य क्षितिजाखाली ४ ते ६ अंशांवर असतो तेव्हा आकाश गडद निळं असतं आणि खिडक्यांचे दिवे त्याच्या तोडीला येतात. समशीतोष्ण भागात ही वेळ सूर्यास्तानंतर वीस ते चाळीस मिनिटांच्या दरम्यान येते, विषुववृत्ताजवळ लवकर येते आणि झटकन संपते. तीन दिवसांच्या फेरीत अशा दोनच संध्याकाळी मिळतात. एक उंचावर घालवा, एक पाण्याकाठी किंवा पुलावर. तिसरी जागा धावत गाठायचा मोह आवरा, दोन्ही हुकतात.

आकडे: आयएसओ १००, एफ/८, २ ते ८ सेकंद, दोन सेकंदांचा टायमर. ट्रायपॉडवर असताना स्थिरीकरण बंद. काही कॅमेरे ट्रायपॉड आपोआप ओळखतात, पण सगळे नाही. जे ओळखत नाहीत त्यांत ती यंत्रणा नसलेला धक्का शोधत राहते आणि स्वतःच फोटो हलवते.

हातात धरून, झगमगीत बाजाररस्ता: आयएसओ १६००, एफ/२.८, १/२५०. साधा दिव्याखालचा रस्ता: आयएसओ ३२००, एफ/२, १/१२५. इथून सुरुवात करा, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघून एखादा स्टॉप इकडेतिकडे.

ट्रायपॉडला उंचावरून शहर बघायच्या मजल्यावर, संग्रहालयात, स्थानकात बहुतेक ठिकाणी मनाई असते. लहान असला तरी पाय तीन दिसले की अडवतात. धान्य भरलेली छोटी पिशवी कठड्यावर ठेवून काम भागतं. रिकामी पिशवी न्या आणि धान्य तिथे भरा, वजन वाचतं.

भिंग

तिपाईवाल्याने तिपाई नको म्हणावं, यासारखा योग नाही.

मितभाषी

काचेबद्दल कोणीच बोललं नाही. शहर बघायचा मजला म्हणजे काच.

तिपाई

बरोबर, राहिलंच. काचेत दिसतो तो मागच्या खोलीतला उजेड. म्हणून लेन्सच्या तोंडाला रबरी हुड लावून तो काचेला टेकवा. नुसती लेन्स टेकवली तर ओरखडे पडतात आणि इमारतीची कंपनं थेट कॅमेऱ्यात येतात, रबर ती खातं. हुड नसेल तर काळं जाकीट लेन्सभोवती गुंडाळा. दुहेरी काच असेल तर तिरकं उभं राहू नका, दोन काचांमध्ये प्रत्येक दिव्याची भुतं उमटतात. सरळ समोरून काढा.

पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) सगळीकडे चालतो असा समज आहे. तो काचेवर तेव्हाच नीट चालतो जेव्हा तुम्ही सरळ समोरच्या रेषेपासून साधारण ५६ अंश कलून काचेकडे बघता. समोरून बघताना त्याचा उपयोग शून्य, उलट दीड-दोन स्टॉप प्रकाश जातो. रात्री तर काढूनच ठेवा.

सहज टिपलं

रोषणाईवरून आठवलं. दुकानांच्या एलईडी पाट्या, स्थानकातले दिवे यांत आडवे काळे पट्टे येतात. कॅमेरा बिघडलेला नसतो. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, ६० हर्ट्झच्या देशात १२० वेळा. पहिल्या ठिकाणी १/५० किंवा १/१००, दुसऱ्या ठिकाणी १/६० किंवा १/१२० लावलं की एका फोटोत पूर्ण ठोके बसतात आणि पट्टे जातात. हलत्या जाहिरातींच्या मोठ्या पडद्यांचा ठोका वेगळाच असतो, तिथे १/३०पर्यंत खाली यावं लागतं.

आणि तो निःशब्द इलेक्ट्रॉनिक शटर अशा उजेडात बंद. सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, त्याला सेकंदाचा विसावा-तिसावा भाग लागू शकतो. तेवढ्यात दिवाही लुकलुकतो आणि धावती गाडीही पुढे सरकते. पट्टे आणि तिरके डबे, दोन्ही एकाच फोटोत मिळतात.

गोंधळलेला मी

प्रसिद्ध जागी गर्दीच गर्दी असते. माणसंच नसलेला फोटो कसा मिळवायचा?

काळापांढरा

पहाटे उठून.

तिपाई

दोन पद्धती आहेत. १० स्टॉपचा एनडी फिल्टर प्रकाश सुमारे हजारपट कमी करतो. सावलीतलं १/६० चं एक्स्पोजर १७ सेकंदांचं होतं आणि चालणारी माणसं विरघळतात. थांबून सेल्फी काढणारी मात्र भुतासारखी राहतात. दुसरी पद्धत: कॅमेरा न हलवता दर दहा-पंधरा सेकंदांनी एक असे १५ फोटो, आणि घरी संगणकावर त्यांचा 'मीडियन' (प्रत्येक ठिपक्याची मधली किंमत) काढायचा. चौकटीतली प्रत्येक जागा निम्म्याहून जास्त फोटोंत मोकळी असेल तर माणूस नाहीसा होतो. एका जागी ठिय्या मारलेला माणूस दोन्ही पद्धतींना पुरून उरतो.

काळापांढरा

याचा आद्य नमुना १८३८चा आहे. फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक असलेल्या दागेरने पॅरिसच्या बुलेव्हार दु तांपलचा फोटो खिडकीतून काढला. रस्ता वाहता होता, पण एक्स्पोजर काही मिनिटांचं, त्यामुळे सगळी वर्दळ नाहीशी झाली. उरला तो बूट पॉलिश करून घेत उभा राहिलेला एक माणूस. गर्दी घालवायला गेलात तर शेवटी जो स्वस्थ उभा असेल तोच दिसणार, हे तेव्हापासून ठरलेलं आहे.

रेघोट्या

उंच इमारती राहिल्या. कॅमेरा वर केला की इमारत मागे पडल्यासारखी दिसते. उपाय म्हणजे कॅमेरा सरळ धरा (पडद्यावरची पातळी-रेघ चालू करा) आणि मागे जा. जागा नसेल तर समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याचा जिना शोधा. तेही नसेल तर वाइडवर, चारही बाजूंना भरपूर जागा सोडून काढा आणि घरी उभ्या रेषा दुरुस्त करा. त्या दुरुस्तीत कडेचा पाचवा हिस्सा सहज कापला जातो. चौकट काठोकाठ भरली असेल तर कळस तरी जातो नाहीतर पाया. आणि शंभर टक्के सरळ करू नका. खूप खालून काढलेली इमारत अगदी उभी केली की वरच्या बाजूला फुगल्यासारखी दिसते. ८०-९० टक्क्यांवर थांबा.

मितभाषी

परवानगीचं? माणसांचे फोटो, इमारतींचे फोटो?

चौकटराजा

देशोदेशी नियम वेगळे, जाण्याआधी वाचावेत. सार्वजनिक जागी फोटो काढणं आणि तो धंद्यासाठी वापरणं या बहुतेक ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इमारतींचंही तसंच. आयफेल टॉवर दिवसा मोकळा आहे, पण त्याची रात्रीची रोषणाई स्वामित्वहक्काखाली येते. घरच्या भिंतीवर लावायला कोणी अडवत नाही. आणि कायद्याने चालतं म्हणून झोपलेल्या, रडणाऱ्या, हात जोडून 'नको' म्हणणाऱ्या माणसाचा फोटो काढू नये. मुलं असतील तर आईवडिलांकडे बघून कॅमेरा दाखवा, मान हलली तर काढा.

सहज टिपलं

बॅटरी-कार्डाचा हिशोब मांडतो.

२४ मेगापिक्सेलची रॉ (सेन्सरची कच्ची) फाइल तोटारहित दाबलेली असेल तर २५ एमबीच्या आसपास, न दाबलेली ४० च्या वर. ६४ जीबीच्या कार्डात दाबलेल्या सुमारे अडीच हजार. १२८ चं एक घेण्यापेक्षा ६४ ची दोन, आणि अर्ध्या फेरीत बदला. एक गेलं तरी दुसऱ्यातली अर्धी फेरी राहते.

बॅटऱ्या तीन. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच, टोकं झाकून. १०० वॉट-तासांपर्यंतच्यांना वेगळी परवानगी लागत नाही. कॅमेऱ्याची बॅटरी जेमतेम १५ ची असते, २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ ची. १०,००० च्या बँकेतून, मधली गळती धरून, कॅमेऱ्याची बॅटरी दीडदा भरते. तीनदा भरेल अशा हिशोबाने निघू नका.

घड्याळ! निघाल्यावर कॅमेऱ्याचं घड्याळ तिथल्या वेळेला लावा. विसरलात तर पहिल्याच दिवशी फोनवरच्या घड्याळाचा एक फोटो काढून ठेवा, नंतर सगळ्या फाइलींची वेळ तेवढ्या फरकाने एकदम सरकवता येते (एक्झिफटूल नावाच्या प्रोग्रॅमने).

अंधारखोली

फिल्म नेणाऱ्या दोन-चार वेड्यांसाठी: नव्या सीटी पद्धतीच्या तपासणी यंत्रांतून फिल्म जाऊ देऊ नका, कमी आयएसओचीही धुरकटते. रोल पारदर्शक पिशवीत सुटे ठेवा आणि हाताने तपासायची नम्र विनंती करा. मोठ्या सामानात तर कधीच नको, तिथले किरण आणखी तीव्र असतात.

पायवाट

सगळ्यांना दंडवत, दोन पानं टिपणं झाली. पण तिसऱ्या प्रश्नाला कोणी शिवत नाहीये.

गोंधळलेला मी

त्यावरून सगळ्यांनी पोलरायझर फिरवलाय.

भिंग

घ्या तिसरा. घरी आल्याच्या पहिल्या संध्याकाळी फक्त तीन कामं करायची: कार्ड उतरवणं, दुसऱ्या डिस्कवर प्रत, आणि तिसरी प्रत घराबाहेर (इंटरनेटवरच्या क्लाउडमध्ये किंवा दुसऱ्या कोणाच्या घरी). कॅमेऱ्याचा फाइल-क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा ०००१ होतो, त्यामुळे सगळं एकाच फोल्डरमध्ये ओतलं तर जुन्यावर नवं बसू शकतं. तारखेचं फोल्डर करा. दोन प्रती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. चुकून केलंच तर त्यावर एकही नवा फोटो काढू नका आणि फोटोरेक (पुसलेल्या फाइली परत आणणारा प्रोग्रॅम) चालवा, ते फुकट आहे. नवीन काही लिहिलं गेलं नसेल तर बहुतेक परत येतात.

मग निवड, त्याच आठवड्यात. पहिल्या फेरीत प्रत्येक फोटोला दोन सेकंद, ठेवायचा की नाही एवढंच. १२०० फोटो चाळीस मिनिटांत होतात. उरतील दोनेकशे. दुसऱ्या फेरीत चाळीस. तिसरीत बारा. आठवडा उलटला की रस्त्यांची नावंही आठवत नाहीत आणि उत्साहही.

अंधारखोली

इथे मी भिंग यांच्या पूर्ण विरुद्ध. लगेच निवडताना माणूस फोटो निवडत नाही, आठवण निवडतो. ज्या फोटोसाठी दीड तास पावसात काढला तो चांगलाच वाटतो. रस्त्यावरचे फोटो काढणारा अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड मुद्दाम वर्ष-वर्ष फिल्म धुवायचा नाही, काढतानाची मनःस्थिती विसरावी म्हणून. तीन-चार आठवडे तरी झाकून ठेवा.

भिंग

विनोग्रँड १९८४ मध्ये वारला तेव्हा सुमारे अडीच हजार रोल न धुतलेले मागे राहिले होते. पायवाट यांचा आजार नेमका तोच आहे, त्यांना औषध म्हणून आजारच देताय?

अंधारखोली

हाहा. मान्य, उदाहरण अंगावर आलं. पण मुद्दा सोडत नाही. मधला मार्ग काढू: टिपणं पहिल्याच दिवशी (जागा, वेळ, काय जमलं नाही), तुमची चाळीस मिनिटांची फेरीही त्याच आठवड्यात, कारण तिच्यात फक्त हललेले आणि हुकलेले जातात. पण चाळीसातले बारा महिन्याभराने. ती तारीख आजच दिनदर्शिकेत लिहा. तारीख नसली की ते कायमचं राहतं, हेही खरं.

भिंग

चालेल. लेखी तह झाला.

झरोका

यात मी एक भर घालते, आणि माझ्या मते पायवाट यांच्या 'गल्लीकडे कॅमेरा वळत नाही'चं उत्तर इथेच आहे. पहिल्या फेरीत नाकारलेले फोटो पुसू नका. त्यांची कारणांनुसार विभागणी करा: हललेले, फोकस हुकलेले, उशीर झालेले, कललेले, पांढरे जळलेले. बहुतेक कॅटलॉग प्रोग्रॅममध्ये (डिजिकॅम, डार्कटेबल) शटरच्या गतीनुसार गाळता येतं. १/१२५ पेक्षा हळू काढलेले वेगळे काढा, हललेल्यांतले निम्मे तिथेच सापडतील. एखादा ढीग इतरांपेक्षा दुप्पट असतोच.

आता तो ढीग म्हणजे पुढच्या दोन महिन्यांचा गृहपाठ. 'उशीर झालेले' जास्त असतील तर घराजवळच्या वळणावर रोज पंधरा मिनिटं, फोकस अडीच मीटरवर, माणूस ठरलेल्या फरशीवर पाऊल टाकेल तेव्हाच एक फोटो. एकच, धडाधड दहा नाही. 'जळलेले' जास्त असतील तर जिन्यातल्या उन्हाच्या कवडशावर उणे १, उणे १.३, उणे १.७ असे तीन-तीन काढून तुलना. या कामाला गल्ली सुंदर असावी लागत नाही. उलट ओळखीची असल्यामुळे तिच्यात काय बदललं ते पटकन दिसतं.

काळापांढरा

+१. शिवाय घरी एक सोय आहे जी शहरात नव्हती, ती म्हणजे पुन्हा जाता येतं. चेक छायाचित्रकार योसेफ सुदेक पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला, प्रागमधल्या आपल्या स्टुडिओच्या एकाच खिडकीचे फोटो १९४० ते १९५४ काढत राहिला. काचेवरचं दव, बर्फ, अंगणातलं वाकडं झाड, बस. छायाचित्रकार सॉल लायटरने न्यूयॉर्कमधल्या आपल्या घराच्या आसपासचेच रस्ते अर्धशतकभर टिपले, कितीतरी पावसाळी काचांमधून.

करून बघायचं तर: एक खिडकी, एक लेन्स, जमिनीवर चिकटपट्टीने पायांची जागा. आठवड्यातून एकदा, प्रत्येक वेळी वेगळ्या वेळी. फोकस एकदा काचेवर, एकदा बाहेर. एफ/२ आणि एफ/११ दोन्ही. वर्षाला बावन्न जोड्या होतात.

गोंधळलेला मी

आमच्या खिडकीतून समोरची भिंत दिसते.

उन्हाची तिरीप

मग भिंतीवर ऊन किती वाजता येतं ते लिहायला लागा. महिन्याभरात सावलीची रेघ किती सरकली ते मोजता येईल. भिंत म्हणजे पडदाच आहे तुमचा.

रेघोट्या

छापून घ्या हो! बारातले निदान चार. ए-४ ला ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात, म्हणजे नऊ मेगापिक्सेलच्या आत. तुमच्याकडे २४ आहेत, थोडं कापायलाही वाव आहे. प्रयोगशाळेला एसआरजीबीत (रंगांच्या नेहमीच्या मानकात) द्या. छापील फोटो काळपट आला तर दोष बहुधा छपाईचा नसतो. संगणकाचा पडदा फार उजळ ठेवून काम केलेलं असतं. पडदा १००-१२० कँडेला प्रति चौरस मीटरवर आणा. मोजायचं यंत्र नसेल तर पांढरा कागद पडद्याशेजारी खोलीच्या उजेडात धरा आणि पडद्यावरचं पांढरं त्याच्या जवळपास येईपर्यंत उजळपणा कमी करा.

चारही एका भिंतीवर, आणि शेजारी गल्लीतल्या चारांसाठी रिकामी जागा. ती जागा टोचते, बरोबर काम करते.

सहज टिपलं

परत येतानाची एक गोष्ट. वातानुकूलित खोलीतून दमट उन्हात कॅमेरा काढला की लेन्सवर धुकं धरतं. निघण्याआधी तो चेन लावलेल्या बॅगेत, शक्यतो बंद प्लॅस्टिक पिशवीत ठेवा, आणि बाहेर आल्यावर अर्धा-पाऊण तास तसाच राहू द्या. पुसू नका, लेन्स बदलू नका. घरी पोचल्यावर एफ/१६ वर स्वच्छ आकाशाचा एक फोटो काढून बघा. काळे ठिपके दिसले तर फुंकणी वापरा, तोंडाने फुंकर नको. थुंकीचे डाग धुळीपेक्षा चिवट असतात.

पायवाट

ठरलं. २३ कॅमेऱ्यावर, १६-५० बॅगेत, टेली खोलीवर (भिंग, माफी). ६४ ची दोन कार्डं, तीन बॅटऱ्या, रिकामी पिशवी, काळं जाकीट. दोन संध्याकाळी, दोन जागा. नाकारलेल्यांचे ढीग करायची कल्पना सगळ्यात पटली, झरोका. निवडीची तारीख लिहिली आणि जमिनीवर खुणाही केल्या.

शेवटचं: रबरी हुड घ्यायचा तर कुठल्या मापाचा?

तिपाई

लेन्सच्या तोंडाशी, कडेला, तिरपी रेघ मारलेल्या शून्यासारखं चिन्ह असतं. त्याच्या पुढचा आकडा म्हणजे फिल्टरचं माप मिलिमीटरमध्ये, तोच हुडाचा. टोपणाच्या आतल्या बाजूलाही बहुधा लिहिलेला असतो. १६-५० लिहिलंय ते बघून ५० चा आणू नका, ती फोकल लांबी आहे. आणि दुमडता येणारा घ्या: १६ मिमीवर पूर्ण उघडला तर चारही कोपरे काळे येतील, एक घडी मागे घ्यावी लागते.

गोंधळलेला मी

५० चा आणलाय. आता?

तिपाई

परत करा.